अलार्मवरून आतला लाइट आणि ॲक्सेसरी पॉवर

प्रश्न : गाडीला नवीन अलार्म बसवलाय. रिमोटने अनलॉक केल्यावर आतला लाइट लागावा आणि चावी न लावता रेडिओ चालावा असं हवंय. अलार्मची वायर थेट जोडली तर चालेल का?

उत्तर : थेट नको! या आउटपुट वायरी बहुतेक वेळा अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह, म्हणजे गाडीची बॉडी) देणाऱ्या आणि जेमतेम २०० ते ५०० मिलीअँपच्या असतात, बल्बचा लोड टाकला की अलार्मच्या आतला ट्रान्झिस्टर उडतो, म्हणून मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा लोड चालू-बंद करणारा स्विच) घ्या. त्याच्या पिनांवर नंबर असतात. पिन ८६ ला फ्यूजमधून कायम १२ व्होल्ट, ८५ ला अलार्मची वायर, ८७ लाइटच्या वायरला. ३० ला काय द्यायचं ते आधी मल्टिमीटरने बघा. दार बंद असताना दाराच्या स्विचच्या वायरवर १२ व्होल्ट आणि उघडल्यावर शून्य येत असेल तर ३० ला अर्थ, उलट असेल तर फ्यूजमधून १२ व्होल्ट. ८५-८६ वर एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, त्याच्यावरची पट्टी ८६ कडे, एवढ्याशा डायोडचा कंटाळा बरेच जण करतात आणि मग अलार्म जातो.

रेडिओसाठी वेगळा रिले, बॅटरीजवळ फ्यूज हवाच. अलार्मचं आउटपुट लॅच प्रकारचं (चालू झालं की चालूच राहणारं) हवं, पल्सवालं (क्षणभरच येणारं) असेल तर रेडिओ क्षणभर लागून बंद पडेल. हा रिले ॲक्सेसरीच्या, म्हणजे रेडिओला पॉवर देणाऱ्या वायरला जोडायचा. ती ओळखायची खूण म्हणजे चावी ॲक्सेसरीवर नेली की १२ व्होल्ट आणि स्टार्टर मारताना शून्य, स्टार्टर मारतानाही व्होल्ट टिकले तर ती इग्निशनची, तिला हात लावू नका. आतले लाइट कंट्रोल मॉड्यूलवरून (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्सवरून) चालणारी गाडी असेल तर आधी वायरिंग डायग्राम मिळवा.