टेक्सासमधील १ लाख आणि कॅलिफोर्नियामधील १ लाख १५ हजार डॉलर सारखेच का?

आपण अविवाहित आहात, टेक्सासमध्ये आपला वार्षिक पगार १ लाख डॉलर आहे आणि कॅलिफोर्नियात १ लाख १५ हजार मिळत असल्यास जावे का, असे आपण विचारले आहे. दोन्ही राज्यांत मी भाड्याच्या घरात राहिलो आहे. केवळ या वाढीसाठी जाऊ नये, असे माझे मत आहे.

पंधरा टक्क्यांचा हिशेब कुठून येतो ते पाहा. अमेरिकी सरकारचा आकडेवारी विभाग ‘ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस’ दरवर्षी राज्यवार किंमतपातळी, म्हणजे कोणत्या राज्यात राहणे किती महाग आहे ते, जाहीर करतो. देशाची सरासरी १०० धरल्यास अलीकडे कॅलिफोर्निया ११२ च्या पुढे आणि टेक्सास ९७ च्या आसपास असतो. भागाकार केला की सुमारे १.१५ येतात, म्हणजे टेक्सासमधील १ लाखाच्या खर्चाला कॅलिफोर्नियात १ लाख १५ हजार लागतात. (या कामासाठी ग्राहक किंमत निर्देशांक वापरू नये. तो एकाच ठिकाणी काळानुसार भाव किती वाढले ते सांगतो, दोन ठिकाणांपैकी महाग कोणते ते नाही. मी स्वतः पूर्वी ही चूक केली आहे.)

अडचण अशी की या किंमतपातळीत आयकर धरलेला नसतो, म्हणून ती एकूण पगाराला नव्हे, तर हाती येणाऱ्या रकमेला लावायला हवी. टेक्सासमध्ये वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. कॅलिफोर्नियात आपल्या पगारावर तो साडेसहा हजार डॉलरच्या आसपास जाईल, शिवाय पगाराच्या एक टक्क्याहून थोडी अधिक रक्कम राज्याच्या अपंगत्व विम्यासाठी कापली जाईल. वाढीव १५ हजारांवर केंद्राचा आयकर व सामाजिक सुरक्षेची कपात लागेल ती वेगळीच. २०२४ च्या दरांनी मी मांडलेल्या हिशेबात या १५ हजारांपैकी जेमतेम अडीच-तीन हजार हाती उरतात, म्हणजे पंधरा टक्के महाग राज्यासाठी हाती येणाऱ्या रकमेत साडेतीन टक्के वाढ.

घर विकत घेण्याचा विचार असेल, तर चित्र थोडे बदलते. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रॉपोझिशन १३’ या तरतुदीमुळे मूळ मालमत्ता कर खरेदी किमतीच्या १ टक्क्यावर बांधलेला आहे आणि करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. टेक्सासमध्ये आयकर नसल्याची भरपाई मालमत्ता करातून होते. तेथे ठिकाणानुसार साधारण दीड ते दोन टक्के पडतात. त्यामुळे टेक्सासमधील ४ लाखांच्या घराचे बिल कॅलिफोर्नियामधील ८ लाखांच्या घराच्या बिलाजवळ जाऊ शकते. टेक्सासमधील घर ‘स्वस्त’ म्हणणारे लोक बहुतेक वेळा फक्त हप्ता मोजतात. टेक्सासमधील भाडेकरूही हा कर भाड्यातून अप्रत्यक्षपणे भरतच असतो.

किराणा मालावर दोन्ही राज्यांत सहसा विक्रीकर नसतो, त्यामुळे तिथे फार डोके लावू नये. पेट्रोल आणि विजेचा दर मात्र कॅलिफोर्नियात ठळकपणे जास्त आहे. अर्थात टेक्सासच्या उन्हाळ्यात एसी इतका चालतो की विजेच्या बिलातली तफावत दरातल्या तफावतीइतकी राहत नाही.

आपण शहरांची नावे दिलेली नाहीत, आणि खरा निर्णय तिथेच आहे. स्वस्त बेकर्सफील्ड आणि महागडे सॅन फ्रान्सिस्को ही दोन्ही कॅलिफोर्नियात असली, तरी भाड्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी जगे आहेत. टेक्सासमधील महाग ऑस्टिन आणि स्वस्त एल पासो यांचेही तसेच. ‘ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस’ किंमतपातळीचे महानगरवार आकडेही देतो. एल पासोहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचे असल्यास १ लाख १५ हजारांत आपले राहणीमान नक्की घसरेल. ऑस्टिनहून बेकर्सफील्डला जात असाल, तर पगाराविषयी बोलणी करण्यात अर्थ आहे.