पहिल्यांदाच एअरपोर्ट ते हॉटेल गाडी बुक करताय? आधी एवढं बघा

अहो टेन्शन नका घेऊ, पहिल्या वेळी सगळ्यांनाच धाकधूक होते. बुक करताना फ्लाइट नंबर टाकाच, नुसती वेळ टाकून भागत नाही कारण विमान लेट झालं तर त्या नंबरवरूनच त्यांना कळतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तारखेचा. समजा १४ तारखेला रात्री निघालात आणि ००:३० ला उतरताय, तर पिकअप १५ चा टाकायचा! मी स्वतः इथेच चुकले होते, गाडी आदल्या रात्री येऊन निघून गेली आणि मी मध्यरात्री लेकराला घेऊन बाकड्यावर बसून, म्हणून एवढं सांगतेय.

बाकी पैसे भरायच्या आधी:
- फ्री वेटिंग किती मिनिटं आणि ती कधीपासून मोजतात, लँडिंगपासून की पिकअपच्या वेळेपासून? इमिग्रेशन आणि बॅगांतच कधीकधी तास जातो
- टोल, पार्किंग धरून रेट आहे ना
- बॅगांचा आकडा नीट लिहा, चौघांच्या गाडीत चार मोठ्या बॅगा मावतीलच असं नाही

भेटायची जागा आणि ड्रायव्हरचा नंबर यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, उतरल्यावर नेट चालेलच असं नाही. परतीच्या गाडीचं नंतर बघू, आधी हे एक बुकिंग करून टाका.