वाचकांचे प्रश्न : दुचाकी शिकताना आणि लायसन्स काढताना

सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी दुचाकी शिकण्याविषयीची आणि लायसन्सविषयीची निवडक पत्रे या खेपेस एकत्र घेतली आहेत. पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी उचगावची असून कामासाठी रोज शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत जाते. आजवर बस आणि वडापवर भागले, परंतु पाळी बदलली की परतीची पंचाईत होते. घरी स्कूटर आहे आणि भावाची गिअरची मोटारसायकलही आहे. भावाचे म्हणणे असे, की शिनोळी कोल्हापूर जिल्ह्यात येत असल्यामुळे मला महाराष्ट्राचे लायसन्स काढावे लागेल. हे खरे आहे का? आणि लायसन्स नुसत्या स्कूटरचे काढावे की गिअरच्या गाडीचे?
— एक वाचक भगिनी, उचगाव

उत्तर : आपल्या भावाचा समज चुकीचा आहे, मात्र तो आपल्या भागात इतका पसरलेला आहे की त्याचा खुलासा सविस्तर करणे बरे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३ प्रमाणे देशात कोठेही दिलेले लायसन्स, मग ते शिकाऊ असो वा पक्के, संपूर्ण भारतात ग्राह्य असते. बेळगावच्या आरटीओने दिलेले लायसन्स घेऊन आपण बाची ओलांडून शिनोळीत गेलात, तिथून पुढे चंदगडला गेलात किंवा चोर्ला घाटाने गोव्यात उतरलात, तरी दुसऱ्या कागदाची गरज नाही. उलट दोन राज्यांची दोन लायसन्स बाळगण्यास त्याच अधिनियमाचे कलम ६ मनाई करते. पुढे लग्न होऊन आपण कोल्हापूर किंवा सांगलीकडे राहायला गेलात, तर हेच लायसन्स चालू राहील. त्यावरील पत्ता तेवढा बदलून घ्यावा.

गाडीचे मात्र तसे नाही. केए-२२ ची गाडी रोज महाराष्ट्रात जाऊन परत येत असेल, तर काही करावे लागत नाही. परंतु कोल्हापूरच्या पाहुण्यांची एमएच-०९ ची गाडी कायमची उचगावात येऊन राहिली आणि १२ महिने उलटले, तर कलम ४७ नुसार कर्नाटकात तिची नव्याने नोंदणी करावी लागते. सीमेवरच्या घरांतून लायसन्सचा आणि नोंदणीचा असा घोटाळा नेहमीच होतो.

आता वर्गाविषयी. विनागिअर आणि गिअरची मोटारसायकल हे लायसन्सचे दोन वेगळे वर्ग आहेत. स्कूटरवर चाचणी दिलीत, तर गिअरची मोटारसायकल चालवण्याचा अधिकार मिळत नाही, आणि पुढे वर्ग वाढवून घ्यायचा म्हटले की पुन्हा शिकाऊ लायसन्स आणि पुन्हा चाचणी. घरात गिअरची गाडी असेल आणि आपला पाय जमिनीवर नीट टेकत असेल, तर सुरुवातच गिअरच्या गाडीवर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलींनी स्कूटरच शिकावी, हा नुसता रिवाज आहे.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. या काळात गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, आणि मागे बसवायचे ते फक्त लायसन्सधारक शिकवणाऱ्यालाच. कामावरच्या मैत्रिणीला सोबत घेऊन जाणे पक्के लायसन्स हाती आल्यावर.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा असून निपाणीला कॉलेजात शिकतो. आमचे गाव सहा-सात किलोमीटरवर आहे. गाडी तो उत्तम चालवतो. गावातील सगळीच मुले गाडीने जातात. त्याच्यासाठी काही मार्ग निघेल का?
— एक पालक, निपाणी तालुका

उत्तर : गिअरच्या गाडीसाठी मार्ग नाही. सार्वजनिक रस्त्यावर मोटारसायकल चालवण्यास १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. १६ वर्षांनंतर पालकांच्या संमतीने लायसन्स मिळते, परंतु ते केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीसाठी, आणि तशी गाडी आता दुकानात शोधूनही सापडणे कठीण.

‘उत्तम चालवतो’ या शब्दांनी आपले समाधान होत असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ आपण एकदा वाचावे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ लायसन्सदेखील मिळत नाही. म्हणजे आज एक वर्ष वाचवायला जाऊन पुढची आठ वर्षे अडकतात. दुर्दैवाने कोणाला धडक बसली, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई वाहनमालकाकडून वसूल करू शकते, आणि ती रक्कम एखाद्या घराची शेती विकायला लावू शकते.

२५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरीच्या दुचाकीला लायसन्स लागत नाही, कारण नियमांच्या व्याख्येत ती मोटार वाहनच ठरत नाही. वर्षभरासाठी ती घ्यावी, नाहीतर बसचा विद्यार्थी पास काढावा. गावातील सगळीच मुले जातात, हे पोलीस ठाण्यात सांगण्याजोगे कारण नव्हे.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून चाचणीत दोनदा नापास झालो आहे. रस्त्यावर गाडी व्यवस्थित चालते, पण आठचा आकडा काढताना पाय टेकतो. वळण आले की मी क्लच पूर्ण दाबतो आणि तोल जाऊ नये म्हणून पुढचा ब्रेक हलकेच लावतो, तरीही गाडी आत कलंडते. एजंट म्हणतो, तिसऱ्या वेळी तो बघून घेईल. काय करावे?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नापास होण्याचे कारण आपण स्वतःच आपल्या पत्रात लिहिले आहे. क्लच पूर्ण दाबला की इंजिनाची ओढ चाकापासून तुटते, गाडीचा वेग मरतो, आणि हळू चालणाऱ्या दुचाकीला उभे ठेवणारी गोष्ट म्हणजे तर चाकाला मिळणारी ही थोडी थोडी ओढच. त्यातच हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक लावला, की सारा भार वळलेल्या चाकावर येऊन गाडी आतल्या बाजूला खेचली जाते. तेव्हा आपण पडू नये म्हणून ज्या दोन गोष्टी करता, त्याच आपल्याला पाडतात.

उपाय असा, की पहिल्या गिअरमध्ये रेस किंचित आणि एकसारखी धरावी, क्लच अर्ध्यावर म्हणजे गाडी नुकती ओढू लागते त्या जागी ठेवावा, आणि वेग आवरायचा तो फक्त मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब ठेवून. पुढच्या ब्रेकवरची बोटे चाचणीपुरती काढूनच घ्यावीत. गुडघे टाकीला लावून कोपर सैल सोडावेत. ताठ झालेल्या खांद्यांनी हँडल वळत नाही. नजर पुढच्या चाकावर किंवा जवळच्या विटेवर ठेवली तर गाडी नेमकी तिथेच जाते. औत धरणारा जसा फाळाकडे न पाहता तासाच्या टोकाकडे पाहतो, तशी मान वळवून वळणातून जिथे बाहेर पडायचे, तिथे पाहावे.

सुगी उरकल्यावर मोकळे पडलेले स्वतःचे शेत किंवा खळे यासाठी उत्तम. पहिले काही दिवस आठ काढूच नये. आधी सरळ रेषेत, पाय न टेकता, गाडी जितकी सावकाश नेता येईल तितकी न्यावी. ते जमले की मोठे गोल, उजवीकडून आणि डावीकडून सारखेच, कारण बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि आठ नेमका त्याच बाजूला मोडतो. त्यानंतर दोन विटा दूर ठेवून मोठा आठ काढावा आणि रोज विटा थोड्या जवळ आणाव्यात. ज्या गाडीवर चाचणी देणार, त्याच गाडीवर सराव करावा, कारण प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या जागी पकडतो.

नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते, परंतु तिसऱ्यांदा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असल्यामुळे, आपले किती दिवस उरले आहेत ते पाहूनच तिसरी तारीख घ्यावी. एजंटाकडून अर्ज भरून घेण्यास हरकत नाही. परंतु जो चाचणी ‘बघून घेईल’, तो जांबोटीच्या पुढच्या वळणांवर आपल्या मागे बसलेला नसेल, हे ध्यानात ठेवावे.

आपण विचारलेले नाही, तरी त्याच शेतात आणखी एक गोष्ट शिकून घ्यावी. ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नको, उलटशील’ असे आपल्याकडे घरोघरी शिकवले जाते, आणि अनेक माणसे जन्मभर मागच्याच ब्रेकवर गाडी चालवतात. आठ काढताना तो ब्रेक टाळायचा हे खरे, परंतु सरळ रस्त्यावर वेगात असताना गाडी मुख्यतः पुढचा ब्रेकच थांबवतो, कारण थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होऊन घसरते. हँडल सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र आणि पुढचा ब्रेक झटका न देता वाढत्या दाबाने आवळावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी सोय, आणि त्याखालच्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली आहे, पण आपल्या गावांत फिरणाऱ्या कित्येक गाड्या त्याआधीच्या आहेत. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर तांबडी माती रस्त्यावर येते. तिच्यावर पोहोचण्याआधीच वेग कमी झालेला असावा. रेल्वे फाटकाचे ओले रूळ तिरके न कापता काटकोनात ओलांडावेत आणि रुळांवर ब्रेक लावू नये.

प्रश्न : मला कन्नड वाचता येत नाही. शिकाऊ लायसन्सची परीक्षा कशी द्यावी?
— एक वाचक, कडोली

उत्तर : परीक्षेला कन्नडशिवाय इंग्रजीचाही पर्याय असतो, तो अर्ज करतानाच निवडावा. ६० टक्के उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण. प्रश्नांचा मोठा भाग वाहतुकीच्या चिन्हांवर असतो, आणि चिन्हे देशभर एकच आहेत : तांबड्या काठाची गोल चिन्हे बहुतेक मनाईची, त्रिकोणी चिन्हे सावधगिरीची, निळी चौकोनी माहितीची. याखेरीज अपघात झाल्यास चालकाचे कर्तव्य काय, माणूस नसलेले रेल्वे फाटक कसे ओलांडावे आणि गाडीसोबत कोणती कागदपत्रे ठेवावीत, हे विचारतात. कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. परीक्षेपुरते हे पुरेसे असले, तरी रस्त्यावर वळणासाठी ‘तिरुवु’ आणि सावकाश जाण्यासाठी ‘निधान’ असे कन्नडमध्ये लिहिलेले असते; ती अक्षरे ओळखता येतील इतके तरी शिकून घ्यावे.

प्रश्न : मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते का?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : होय. कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला लागते. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा. हातात अडकवलेले किंवा आरशावर टांगलेले हेल्मेट जमेस धरले जात नाही.

प्रश्न : मी चिक्कोडीचा निवृत्त शिक्षक असून वय ५८ आहे. तरुणपणी उजव्या पायाने गिअर टाकण्याच्या जुन्या बुलेटवर शिकलो आणि तीच आजवर चालवली. आता मुलाने नवी मोटारसायकल आणली आहे. लायसन्सची मुदतही चार महिन्यांपूर्वी संपली आहे. पुन्हा सर्व पहिल्यापासून करावे लागेल का?
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : लायसन्सचे पहिल्यापासून करावे लागणार नाही. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरण होते; ते वर्ष उलटले, तर मात्र चाचणी द्यावी लागते. आपल्याला अजून आठ महिने आहेत, तरी दिरंगाई करू नये, आणि नूतनीकरण होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते आणि अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

पायांचे मात्र पहिल्यापासूनच शिकावे लागेल. जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे आणि मागचा ब्रेक डावीकडे होता. आताच्या गाड्यांना नेमके उलटे आहे. शांतपणे चालवताना ही अदलाबदल आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडते आणि माणसाला वाटते की जमले. अडचण येते ती आयत्या वेळी : रस्त्यावर म्हैस आडवी आली की पाय विचार करत नाही, जुन्या सवयीने डावा पाय दाबला जातो, आणि तिथे आता ब्रेक नसून गिअर असतो. गिअरचा क्रमही पाहून घ्यावा. पुष्कळ गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, तर काहींना चारही गिअर पंजानेच पुढे दाबून पडतात. त्यामुळे मुलाच्या गाडीवर शिकून शेजाऱ्याची गाडी चालवताना पुन्हा घोळ होतो.

तेव्हा काही दिवस सकाळी मोकळ्या माळावर जाऊन एकच सराव करावा. ताशी २० ते ३० किलोमीटरच्या वेगात मुलाने हाक द्यावी आणि आपण लगेच गाडी थांबवावी. हाकेसरशी उजवा पाय आपोआप दाबला जाऊ लागला, की मगच रस्त्यावर यावे. या काळात जुनी बुलेट अजिबात चालवू नये, कारण दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्यास एकही सवय पक्की होत नाही. उसाच्या हंगामात संध्याकाळनंतर तर निदान पहिले दोन महिने बाहेर पडूच नये. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही आणि उसाचे शेंडे बाहेर आलेले, अशी वाहने आपल्याकडे प्रत्येक रस्त्यावर भेटतात, आणि तिथे ब्रेकचा पाय शोधण्याइतका अवकाश मिळत नाही.