आवाज चांगला असेल, तर ऑडिओबुकचे निवेदक होता येते का? त्यावर घर चालते का?

आवाज चांगला आहे असे सगळे म्हणतात, तेव्हा ऑडिओबुकच्या निवेदनात शिरावे का आणि त्यावर पोट भरते का, असे तुम्ही विचारले आहे. मी २०१८ पासून पुण्यात हे काम करते. त्याआधी काही वर्षे आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, चांगला आवाज असला तर उत्तमच, पण काम मिळते आणि टिकते ते वाचनावर. दुसरे उत्तर हिशेबाचे आहे, ते मागाहून देते.

वाचनावर म्हणजे काय, ते एका वाक्यावरून पाहा. 'त्या घरात पुन्हा पाऊल टाकावे, दादांच्या पायाशी बसावे, झाले गेले विसरून जावे, असे तिला त्या क्षणी अजिबात वाटले नाही.' ज्याने हे वाक्य आधी पाहिलेले नाही, तो पहिले तीन तुकडे हमखास गहिवरून वाचतो आणि 'अजिबात'पाशी आल्यावर तोंडघशी पडतो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागून येतो, त्यामुळे वाक्य कुठे वळणार आहे हे निवेदकाला सुरुवातीच्या शब्दालाच ठाऊक असावे लागते, आणि तरीही ते ठाऊक असल्याचा वास श्रोत्याला येऊ द्यायचा नसतो. संवादांचेही तेच. 'दार उघड!' हे तुम्ही खणखणीत आवाजात म्हणता आणि पुढे छापलेले असते, 'तो फटीशी ओठ नेऊन कुजबुजला.' म्हणून मी पुस्तक एकदा वाचक म्हणून आणि एकदा पेन्सिल घेऊन असे दोनदा पूर्ण वाचते, आणि त्याशिवाय माइकसमोर बसत नाही. सुरुवातीच्या काळात वेळ वाचवण्यासाठी एका कादंबरीचे दुसरे वाचन मी टाळले होते. नवव्या प्रकरणात एक पात्र 'लहानपणापासून तोतरे' असल्याचे कळले, आणि तोवर मी त्याला आठ प्रकरणे अस्खलित बोलायला लावले होते. त्याचे सगळे संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित केले, अर्थातच स्वतःच्या वेळेत.

पेन्सिलीच्या खुणा बऱ्याचशा उच्चारांच्या असतात. च, ज, झ यांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आपण बोलताना विचार न करता करतो, पण छापील अक्षर दोन्हींसाठी एकच असते. 'चमचा' या एकाच शब्दात दोन्ही च आहेत. 'माझा'मधला झ 'माझी'त बदलतो. 'थोडे' या अर्थाचा 'जरा' आणि 'म्हातारपण' या अर्थाचा 'जरा' लिहायला सारखे, म्हणायला वेगळे. अडचण शब्द माहीत नसल्याची नसते, चौथ्या तासाला जीभ थकल्यावर ती सोपा पर्याय शोधू लागते, याची असते. जुनी पुस्तके वाचताना अनुस्वारांचे पथ्य वेगळेच. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम लागू होण्यापूर्वीच्या छपाईत 'घरांत' म्हणजे एकाच घरात असू शकते आणि 'नांव'मधला अनुस्वार नुसता डोळ्यांसाठी असतो. तो नाकातून काढला की ऐकणारा दचकतो.

सर्वांत अवघड निर्णय मात्र 'असे' की 'असं' हा. छापील निवेदनात 'गेले, पाहिले, असे वाटले' असते. पुस्तकातला 'मी' जर बारा वर्षांचा मुलगा असेल आणि मी ते अक्षरशः वाचले, तर तो मुलगा बातम्या देतो आहे असे वाटते. 'पाहिलं, वाटलं' केले तर लेखकाच्या शब्दाला हात लावल्यासारखे होते. यावर सरसकट नियम नाही. मी लेखकाला किंवा प्रकाशकाला लेखी विचारते आणि जे ठरेल ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळते. नवोदितांच्या ध्वनिमुद्रणात अर्धे प्रकरण एका तऱ्हेने आणि अर्धे दुसऱ्या तऱ्हेने गेलेले असते आणि ते त्यांच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही.

पात्रांचे आवाज 'काढायचे' नसतात. पुरुषपात्रासाठी मी आवाज जड करत नाही. वाक्य थोडे तुटक करते, श्वास कमी ऐकू देते, तेवढे पुरते. बोलीच्या बाबतीत मी फार सांभाळून असते. वऱ्हाडी किंवा मालवणी संवाद असले की त्या भागातल्या परिचितांना ती वाक्ये पाठवते, त्यांच्याकडून फोनवर बोलून मागवते आणि त्यांचा हेल ऐकून तयारी करते, कारण पुण्यात बसून केलेली बोलीची नक्कल त्या गावच्या माणसाला चेष्टेसारखी लागते. प्रत्येक पात्राचा दहा सेकंदांचा नमुना फोनमध्ये साठवते. पात्र चौथ्या प्रकरणात येऊन थेट सोळाव्यात उगवते, आणि मधे दोन आठवडे गेलेले असतात.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात मोहक असे काही नाही. बंद खोली, पंखा नाही, एसीसुद्धा टेक चालू असताना बंद. मी बांगड्या काढून ठेवते, सुती कपडे घालते, दुधाचा चहा टाळते आणि हिरव्या सफरचंदाच्या फोडी जवळ ठेवते, कारण तोंड चिकट झाले की शब्दागणिक बारीक चटचट ऐकू येते. उपाशी बसू नये. पोटात ओरडणारे कावळे माइकला खरोखरच ऐकू जातात. चूक झाली की रेकॉर्डिस्ट मागची चार-पाच सेकंदे ऐकवतो आणि तुम्ही त्याच सुरात, त्याच वेगाने वाक्य उचलायचे असते. कालच्या संध्याकाळचा आवाज आज सकाळी येत नाही, म्हणून बसण्यापूर्वी मी आदल्या दिवसाची शेवटची दोन मिनिटे ऐकते. घरी मुद्रण करणार असाल, तर कपाट, गोधड्या आणि रात्री अकरानंतरची वेळ यांच्यावर भागते, पण निकष कडक असतात. ऑडिबल या ऑडिओबुक विकणाऱ्या कंपनीच्या एसीएक्स या निर्मिती-व्यवस्थेचेच पाहा. शून्य ही कमाल मर्यादा धरून आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वांत मोठा आवाज उणे ३ च्या खाली आणि खोलीतला मूळचा आवाज उणे ६० च्या खाली. शेजारच्या कुकरच्या शिट्टीला हे आकडे समजत नाहीत, आणि गणपतीच्या दहा दिवसांत मी घरी मुद्रण ठरवतच नाही.

आता पोटाचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल ही ऑडिओबुकची सेवा भारतात मराठीसह आल्यावर या कामाला काहीसे नियमित रूप आले, तरी मानधन साधारणपणे 'तयार तासा'वर मिळते, म्हणजे श्रोत्याला ऐकू येणाऱ्या तासावर. आठ तासांच्या पुस्तकाला माझे मुद्रण सोळा ते वीस तास चालते, दोन वाचने आणि खुणा यांना दहा-बारा तास लागतात, शिवाय दुरुस्त्या असतात. तेव्हा कोणी दर सांगितला की मनात त्याला चाराने भागा आणि मग हो-नाही ठरवा. एका निर्मात्याने संपादित मजकूर बदलून माझ्याकडून तीन प्रकरणे पुन्हा वाचून घेतली आणि ती 'दुरुस्ती'च्या खाती टाकली. तेव्हापासून माझी चूक आणि त्यांचा बदल यांचा हिशेब मी करारातच वेगळा लिहून घेते. मुद्रणावरून कृत्रिम आवाज घडवण्याची परवानगी त्या करारात कुठे दडलेली आहे का, हेही पाहा. असल्यास खोडायला सांगा किंवा तिचे पैसे स्वतंत्र मागा. एवढे सांभाळूनही माझे घर केवळ पुस्तकांवर चालत नाही. जाहिराती, माहितीपट आणि उच्चारांच्या कार्यशाळा मिळून ते चालते.

सुरुवात करायची असेल, तर दृष्टिहीनांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेत आधी वाचा. मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड हे काम अनेक वर्षे करत आली आहे, आणि तिथला श्रोता पुस्तकासाठी आलेला असतो, तुमच्या आवाजासाठी नाही. नमुना पाठवायचा असेल, तर तीन मिनिटांचा पुरे. त्यात थोडे निवेदन, दोन पात्रांचा संवाद असावा आणि पार्श्वसंगीत मुळीच नसावे. मजकूर ह. ना. आपट्यांसारख्या लेखकाचा घ्या. त्यांचे निधन १९१९ मध्ये झाले आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे परवानगीचा प्रश्न उरत नाही. पाठवण्यापूर्वी तो नमुना एक दिवस बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी भाजी निवडत निवडत फोनवर ऐका, आणि ज्या वाक्यापाशी तुमचेच लक्ष भाजीकडे गेले, तिथून पुन्हा मुद्रित करा.