वर्डप्रेसवर भेटी मोजायच्या असतील तर

गूगल अ‍ॅनालिटिक्सचा, म्हणजे भेटी मोजणाऱ्या गूगलच्या सेवेचा कोड थीमच्या फाइलमध्ये चिकटवायच्या भानगडीत पडू नका. थीम अपडेट झाली की तो पुसला जातो. गूगलचंच ‘साइट किट’ प्लगइन टाका, आपल्या गूगल खात्याने अ‍ॅनालिटिक्स जोडा, झालं. जुन्या लेखांत अ‍ॅनालिटिक्सचा ‘यूए’ने सुरू होणारा आयडी सापडेल, तो सोडा, ती पद्धत जुलै २०२३ मध्ये बंद झाली. आता ‘जी’ने सुरू होणारा लागतो. दुसऱ्या प्लगइननेही तोच कोड घातला असेल तर एक काढा, नाहीतर एकदाच उघडलेलं पान दोनदा मोजलं जाईल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल! तपासताना वर्डप्रेसमधून लॉगआउट करून मोबाइलवरून ब्लॉग उघडा. अ‍ॅनालिटिक्सच्या ‘रिअलटाइम’ अहवालात भेट लगेच दिसते. बाकीच्या अहवालांना एक-दोन दिवस लागतात.