गंभीर आजार, उमेद आणि उशीर : वाचकांचे प्रश्न

वेदना आणि गंभीर आजारांवरील उपचारांविषयी येणाऱ्या पत्रांत एकच शंका पुन्हा पुन्हा डोकावते : आजाराबद्दल खरे बोलले किंवा वेदनाशमनाचे उपचार सुरू केले, तर आपण माणसाची आशा सोडली असे होते का? होत नाही. मात्र प्रत्येक घराची अडचण निराळी असल्याने प्रश्न एकेक करून घेतो.

आई अतिदक्षता विभागात आहे. घरी जप आणि नवस केला तर चालेल का? (कसबा पेठ)

अवश्य करा, फक्त अंगारा किंवा तीर्थ तिच्या तोंडात घालण्यापूर्वी तेथील डॉक्टरांना विचारा.

वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग असून तो चौथ्या टप्प्यात आहे. अशा रुग्णांना साधारण आठ महिने मिळतात, असे कळल्यापासून भाऊ दिवस मोजत बसला आहे. (सिंहगड रस्ता)

असा आकडा बहुधा मध्यक असतो, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगतात आणि निम्मे अधिक. ते अधिक म्हणजे किती, हे त्या आकड्यात नसते. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातील मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाला, तेव्हा त्याचा मध्यक आठ महिने होता. ते त्यानंतर वीस वर्षे जगले. तुमच्या वडिलांचेही असेच होईल, असे मी म्हणत नाही, कारण गूल्ड तेव्हा तरुण होते आणि आजारही वेगळा होता. बायोप्सीच्या नमुन्यावर ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकीय बदलांच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे कर्करोगतज्ज्ञांना विचारा. त्यांतील काही बदलांवर आज गोळ्या उपलब्ध आहेत आणि त्या लागू पडल्यास चित्र पुष्कळ पालटते.

पतीला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि वेदना वाढल्या आहेत. डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह विभागात, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या विभागात, जायला सांगितले. सासूबाई म्हणतात, तेथे जाणे म्हणजे हात टेकणे. शिवाय मॉर्फिनची सवय लागेल, अशी सर्वांना भीती वाटते. (हडपसर)

सासूबाईंचे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकले आहे की, या उत्तराच्या लांबीबद्दल वाचकांनी रागावू नये. २०१० मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाचे नुकतेच निदान झालेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले, तर काहींना त्यांच्या जोडीने सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह सेवा मिळाली. दुसऱ्या गटातील रुग्णांचे दिवस अधिक सुसह्य गेले, नैराश्य कमी आढळले, अखेरच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले आणि तरीही आयुष्याचा मध्यक ८.९ ऐवजी ११.६ महिने निघाला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत आयुष्य वाढलेले दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु या सेवेमुळे माणूस लवकर जातो, ही समजूत निराधार आहे. केमो चालू असतानाही ही सेवा घेता येते. आमच्याकडे रुग्ण येतो तो मात्र कित्येक रात्री न झोपता, जेवण तुटल्यावर आणि घरातले सगळे थकल्यावर. वेदनेने पिळवटलेल्या माणसाला उमेद धरायला सांगणे हा मला त्याच्यावरचा अन्यायच वाटतो.

मॉर्फिन वेदनेसाठी, देखरेखीखाली आणि ठरलेल्या मात्रेत दिल्यास व्यसन लागण्याचे प्रमाण कमी असते. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ सर्वांना होते, म्हणून पोट साफ ठेवणारे औषध पहिल्या दिवसापासूनच लागते. मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वीचे व्यसन असल्यास आधी सांगा आणि गोळी स्वतःहून अचानक बंद करू नका. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे हे औषध मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले, तरी ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. स्वादुपिंडाच्या वेदनेत पोटामागील नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देण्याचाही पर्याय असतो. पुण्यात वारज्यातील सिप्लाचे पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांना विनामूल्य सेवा देत आहे. तेथे जा किंवा तुमच्याच रुग्णालयातील तज्ज्ञांकडे, पण याच आठवड्यात जा.

लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पटींनी प्रभावी आहे का? एक गृहस्थ त्याच्या अर्काचा ‘खात्रीशीर’ कोर्स आगाऊ पैसे घेऊन देतात. (चिंचवड)

नाही. हा मजकूर वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतो आहे. त्याचे मूळ प्रयोगशाळेतील पेशींवर केलेल्या प्रयोगांत आहे. या फळाने माणसांचा कर्करोग बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. उलट त्यातील अ‍ॅनोनासिन हा घटक मेंदू व नसांच्या पेशींना घातक आहे, आणि कॅरिबियनमधील ग्वाडेलूप बेटावर या झाडाची फळे व पानांचा काढा नेहमी घेण्याचा संबंध पार्किन्सनसारख्या आजाराशी जोडला गेला आहे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. जो हमी देतो आणि वर केमो थांबवायला सांगतो, त्याच्या दारात पाऊल ठेवू नये. अर्क आधीच सुरू केला असल्यास बोलणी बसतील म्हणून लपवू नका, उद्याच कर्करोगतज्ज्ञांना सांगा.

आईला तिचा आजार सांगितला तर ती खचेल, असे मामा म्हणतात. सांगावा का? (बिबवेवाडी)

दर तीन आठवड्यांनी सलाइन लावायला नेणाऱ्या मुलांचे चेहरे आई वाचत नाही, असे मामांना वाटते का? आपल्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी तिलाच विचारा. ‘तुम्हीच बघा’ असे ती म्हणाली, तर तो तिचा अधिकार आहे. पण तिने थेट विचारले, तर खोटे बोलू नका. दागिन्यांची वाटणी, बँकेतील वारसनोंद, अबोला धरलेल्या बहिणीची भेट, अशी तिची कामे राहिलेली असू शकतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेऊन हे बोलणे त्यांच्यासमोर करावे.

सहा महिने बाबांचे सगळे मीच करतो. आता झोप लागत नाही, आणि कधी हसलो तरी अपराधी वाटते. (औंध)

आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कोणावर सोपवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला आणि तरीही झोप न आल्यास मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

भाऊ अमेरिकेत आहे. बाबांची तब्येत आणखी बिघडली की त्याला बोलवावे, असा विचार आहे. (कोथरूड)

बिघडण्याची वाट पाहू नका. ‘भावाने आत्ता यावे का?’ असे डॉक्टरांना थेट विचारा. त्यांनी उत्तर देताना काचकूच केली, तरी तिकीट काढा, म्हणजे बाबा बोलते-चालते असतानाच त्यांची भेट होईल.