विंडोजशेजारी उबंटू

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवरील विंडोज ११ न काढता उबंटू ही दुसरी संगणकप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) बसवता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : येईल. मात्र आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि बिटलॉकर (डिस्कवरील डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण संगणक सुरू होण्याच्या (बूटच्या) मांडणीत बदल होताच विंडोज ती मागू शकते आणि ती हाताशी नसेल, तर सगळा डेटा कुलूपबंद राहतो. हे काम कृपया उद्यावर ढकलू नका. उबंटूसाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने मोकळी करावी, २५ जीबीत भागते, तरी मी ५० सुचवेन. फास्ट स्टार्टअपही (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद करावे, अन्यथा विंडोजचा ड्राइव्ह पूर्ण बंद होत नाही व उबंटूतून त्यावर काही साठवता येत नाही. पुढे विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसल्यास घाबरू नये. उबंटू संगणकाच्या घड्याळात जागतिक वेळ नोंदवते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजते.